सख्खे भाऊ, आडनावं दोन: थोरल्याला ‘अनौरस’ म्हणायचं?

मुग्धा: गॅलिशियातल्या (आजच्या पोलंड-युक्रेनमधला प्रांत, तेव्हा ऑस्ट्रियाच्या ताब्यात) एका ज्यू कुटुंबाची वंशावळ मराठीत करतेय. जन्मनोंदीत थोरला भाऊ आईच्या आडनावानं, धाकटा बापाच्या. थोरल्यापुढे जर्मन शेरा ‘उनएहेलिश’. कोशात ‘अनौरस’. पण आईबाप तेच! लग्न धर्मविधीनं लागलेलं, सरकारदरबारी नोंदलेलं नव्हतं. तिकडे कराच्या धास्तीनं पुष्कळ जण नोंदणी टाळत. काय लिहू?

नाना: ‘औरस’ आला ‘उरस्’वरून, म्हणजे छाती. लग्नाच्या बायकोचा तो औरस. लग्न लागलंय, मग वाद कसला?

केतकी: शेरा सरकारनं मारलाय नाना, आपण तो पुसणारे कोण? ‘अनौरस’ ठेवून टीप द्यावी.

श्रीरंग: आमच्याकडे ‘अक्करमाशी’ म्हणत. तोळ्याचे बारा मासे, त्यात एक कमी. काय नेमकेपणा!

केतकी: शिवी आहे ती. जन्मनोंदीत घालणार?

डॅनियल: ज्यू धर्मशास्त्रात ‘मामझेर’ असतो, पण तो विवाहितेला परपुरुषापासून झालेला किंवा निषिद्ध नात्यातला. अविवाहितेचं मूलसुद्धा एवढ्यानं मामझेर होत नाही. या पोराला तर रब्बीच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूच्या लेखी काही बट्टाच नाही.

मुग्धा: पुढे एकाच्या लग्ननोंदीत ‘ग्र्यून रेक्टे वाइस’ आहे. ‘ऊर्फ’ चालेल?

नाना: छे! ऊर्फमध्ये दोन्ही नावं सारखीच. रेक्टे लॅटिन, ‘बरोबर नाव’. लोक ग्र्यून म्हणतात, कायद्यानं वाइस. ‘दप्तरी वाइस’ लिहा.

केतकी: दप्तरी? पोरांना पाठीवरचं दप्तर आठवेल.

नाना: पोरं वंशावळी वाचतात कधी!

मुग्धा: थोरल्याला आईच्या वडलांचं नाव आहे, हे सांगायचं राहिलं.

डॅनियल: मग त्याच्या जन्माआधी आजोबा वारले असणार. अश्केनाझी, म्हणजे मध्य आणि पूर्व युरोपातले ज्यू, सहसा हयात नातलगाचं नाव ठेवत नाहीत. सेफार्दींत, म्हणजे मूळच्या स्पेन-पोर्तुगालच्या ज्यूंत, उलट, आजोबा समोर बसलेले असताना नातवाला त्यांचं नाव. आम्ही बेने इस्राएल, कोकणातले ज्यू. आमची आडनावं गावांवरून, पेणकर, रोहेकर, किहीमचे केहीमकर. जुन्या पिढीत शमुवेलचा सामाजी व्हायचा, अब्राहामचा आबाजी.

श्रीरंग: थांबा, आमचे पणजोबा आबाजी होते! आणि गाव पेणजवळचंच.

नाना: श्रीरंगराव, आबाजी घरोघरी सापडतील. ‘आबा’ आपलाच शब्द.

डॅनियल: हिब्रूतही बापाला ‘अब्बा’च म्हणतात.

नाना: म्हणून आमचा आबा तुमच्याकडून आला?

मुग्धा: अहो, ‘दप्तरी’ की टीप?