नाइन-इन-वन लस झालीय, कानही कापलेला आहे, तरी कुत्रीच्या परवान्याचा अर्ज परत का आला?

वडगावकरीण

नमस्कार मंडळी. प्रश्न पुणे महापालिकेच्या हद्दीतला आहे.

आमच्याकडे पिठी आहे. जात विचाराल तर रस्ता. रंग पिठल्याचा, म्हणून पिठी. आमच्या गल्लीतल्या इस्त्रीवाल्यांच्या टपरीखाली दोन वर्षं राहायची. ते टपरी बंद करून गावी गेले तेव्हा आमच्या पार्किंगमध्ये येऊन बसली ती बसलीच. गेल्या दिवाळीत फटाक्यांना घाबरून जिना चढली आणि थेट आमच्या मोरीत शिरली. तेव्हापासून आमची. सासूबाई पहिले पंधरा दिवस "ते कुत्रं" म्हणायच्या. आता दुपारी तिला शेजारी बसवून मालिकेतल्या सुनांची गाऱ्हाणी सांगतात.

तर मागच्या आठवड्यात सोसायटीच्या सेक्रेटरींनी लिफ्टजवळ नोटीस लावली. "महापालिकेचा परवाना नसलेल्या पाळीव प्राण्यांच्या मालकांनी आठ दिवसांत परवाना सादर करावा, अन्यथा प्राणी आवारात ठेवता येणार नाही." सोसायटीत कुत्रं एकच, त्यामुळे अनेकवचन नुसतं शोभेला. मी ऑनलाइन अर्ज भरला. लाइट बिल, माझा फोटो, पिठीचा फोटो (तिने तोंड फिरवलंय, पण तीच आहे) आणि दवाखान्याच्या पुस्तिकेचं पान जोडलं. अर्ज परत आला. शेरा: "रेबीज लसीकरण प्रमाणपत्र जोडावे."

आता पुस्तिकेत नाइन-इन-वनचे दोन स्टिकर आहेत, महिन्याच्या अंतराने दिलेले. शिवाय तिच्या डाव्या कानाला इंग्रजी व्ही सारखी खाच आहे, म्हणजे नसबंदी आणि लस तिला रस्त्यावर असतानाच झालेली. नऊ रोगांच्या लशीत रेबीज नसेल तर मग ते नऊ आहेत तरी कुठले? आणि सेक्रेटरी तिला खरंच बाहेर काढू शकतात का?

घाई एवढ्यासाठी की शनिवारी दुसऱ्या मजल्यावरचा मुलगा, वय सात, तिच्याशी चेंडू खेळताना तिचा दात त्याच्या मनगटाला लागला. चावली नाही हो, चेंडू ओढताना लागला. दोन थेंब रक्त आलं, मी लगेच डेटॉलने पुसून हळद लावली. त्याची आई समजूतदार आहे, पण सेक्रेटरींच्या कानावर गेलं तर नोटिशीची दुसरी आवृत्ती निघेल.

निवृत्त टपालवाला

ताई, परवाना राहू द्या बाजूला. तुमच्या पोस्टचा शेवटचा परिच्छेद सगळ्यात वर हवा होता.

आज बुधवार. म्हणजे चार दिवस गेले. आजच त्या मुलाला आणि त्याच्या आईला घेऊन ससून रुग्णालयात जा. उद्या नाही, आज. दात लागून रक्त आलं, मग ते "चावलं" होतं की "लागलं" होतं हे डॉक्टर विचारत नाहीत. कातडी फाटून रक्त आलं की तिसऱ्या श्रेणीची, म्हणजे सगळ्यात गंभीर जखम. त्यात रेबीजच्या लशीबरोबर जखमेच्या जागी इम्युनोग्लोब्युलिनही टोचतात, म्हणजे विषाणूशी लढणारी तयार ताकद. लशीने अंगात ताकद तयार व्हायला काही दिवस जातात, तोवरचा पहारा हे करतं. लस सरकारी रुग्णालयात मोफत आहे. जखम झाली की वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची असते, घड्याळ लावून. हळद, तिखट, चुना काही लावायचं नाही. रेबीजचा विषाणू मज्जातंतूंतून मेंदूकडे सरकतो आणि लक्षणं दिसायला लागली की माणूस जवळपास गेलाच म्हणायचा. चार दिवस झाले म्हणून उशीर झाला, आता काय जायचं, असंही मनात आणू नका. लक्षणं दिसण्याआधी केव्हाही जाणं न जाण्यापेक्षा बरं.

मी एकतीस वर्षं पेठांमध्ये टपाल वाटलं. १९८३ साली नारायण पेठेतल्या एका वाड्यात मनीऑर्डर द्यायला गेलो तर कुत्र्याने पोटरी धरली. गळ्यात महापालिकेचा पितळी बिल्ला. मालकीणबाई म्हणाल्या, "अहो, बिल्लेवालं आहे, घाबरू नका." बिल्ला होता, पण लशीची तारीख उलटून सहा महिने झालेले. मग मला बेंबीभोवती चौदा इंजेक्शनं, रोज एक. तेव्हाची लस मेंढीच्या मेंदूपासून करायचे. पोटावर गाठी यायच्या, सायकलवर बसवत नसे. ती लस आता इतिहासजमा झाली. हल्ली दंडात, कातडीत, बारीक सुई. तुमच्या शेजारच्या पोराला कळणारही नाही.

बिल्ल्याची किंमत त्यामागच्या तारखेइतकीच. अर्ज परत पाठवणाऱ्याने तुमच्यावर उपकारच केले असं मी तरी म्हणेन.

कंपाउंडरबाई

टपालवाले काकांनी सांगितलं ते आधी करा, मग हे वाचा.

मी पशुवैद्यकीय दवाखान्यात काम करते. "नाइन-इन-वन झालंय ना, मग रेबीज कशाला" हे वाक्य मी आठवड्यातून तीनदा तरी ऐकते, त्यामुळे वाईट वाटून घेऊ नका. त्या नऊमध्ये डिस्टेंपर, पार्व्हो, यकृताची कावीळ, पॅराइन्फ्लुएन्झा वगैरे असतात आणि लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिसचे) दोन-तीन प्रकार वेगवेगळे मोजून आकडा फुगतो. रेबीजची कुपी वेगळी, तिचा स्टिकरही वेगळा. पुस्तिकेत त्याला स्वतंत्र पान असतं, ते तुमच्याकडे कोरं असेल बघा. पिल्लाला पहिली मात्रा तीन महिन्यांचं झाल्यावर, मग बूस्टर, मग दरवर्षी. प्रमाणपत्रावर लशीचं नाव, बॅच नंबर, दिल्याची तारीख, पुढची तारीख आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक लागतो. नुसती सही चालत नाही.

कानाची खाच म्हणजे नसबंदीच्या वेळी एक मात्रा दिलेली. तो पुरावा ऑपरेशनचा. लशीची मुदत खाच बघून कशी कळणार? तुमच्या हिशोबाने ती मात्रा कधीच संपली.

आणि आता एक गोष्ट जी तुम्हाला आवडणार नाही. आज पळत जाऊन पिठीला रेबीजची लस देऊ नका. चावलेलं कुत्रं दहा दिवस नजरेखाली ठेवतात, शनिवारपासून मोजायचे. तिच्या लाळेत विषाणू असता तर या दहा दिवसांत ती आजारी पडली असती किंवा मेली असती. मधेच लस टोचली आणि ती सुस्तावली, तर लशीमुळे की रोगामुळे हे कोणाला कळणार? घरात ठेवा, पट्ट्यावर फिरवा. दुसऱ्या कोणाला चाटू-चावू देऊ नका. खाणं बंद झालं, आवाज बदलला, लाळ गळायला लागली, पाय ओढायला लागली तर स्वतः हात न लावता फोन करा. दहा दिवस धडधाकट राहिली की अकराव्या दिवशी घेऊन या.

म्हणजे सेक्रेटरींची मुदत चुकणार. चुकू द्या.

कलमकसाई

थोडक्यात. सोसायटीला पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, सर्वसाधारण सभेत बहुमताने ठराव केला तरी. लिफ्टही नाकारता येत नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाचं २०१५ चं परिपत्रक आहे, त्याची प्रत काढून नोटिशीशेजारी लावा. पण परवाना मागण्यात काही चूक नाही, तो महापालिकेचाच नियम आहे. कुत्र्यांची नोंदणी आणि कर दोन्ही १९४९ च्या महापालिका अधिनियमात आहेत.

दुसरी बाजूही ऐका. प्राण्याबाबत हलगर्जी करून माणसाला धोका पोहोचवला तर भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ लागतं. सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मुलाच्या आईचा समजूतदारपणा गृहीत धरू नका, खर्च-बिर्च तुम्हीच करा.

जाता जाता: पुण्यात २०२२ मध्ये मांजरांच्या नोंदणीचाही निर्णय झालाय.

वडगावकरीण

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला. आज गुरुवार, तेरावा दिवस.

टपालवाले काका, तुमचं वाचून हात-पाय गार पडले. अर्ध्या तासात आम्ही तिघं रिक्षात होतो. मुलाला इम्युनोग्लोब्युलिन मनगटात, जखमेच्या भोवती दिलं. तेव्हा तो जोरात रडला आणि त्याच्याबरोबर मीही. दंडातल्या सुया मात्र खरंच बारीक. पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या, असं कार्ड दिलंय. तीन खेपा झाल्या. डॉक्टरांनी हळदीबद्दल विचारलं तेव्हा मी खिडकीबाहेर बघत होते.

पिठीचे दहा दिवस म्हणजे सासूबाईंची परीक्षा. त्यांनी कॅलेंडरवर दूधवाल्याच्या रकान्याशेजारी तिचा रकाना केला: पोळी खाल्ली, पाणी प्यायली, शेपूट हलवली. पाचव्या दिवशी तिने पोळी सोडली तेव्हा घरात कोणी जेवलं नाही. मग कळलं, तिला शेजारून कोणीतरी श्रीखंड चाटवलं होतं. मंगळवारी लस झाली. कंपाउंडरबाई, ते कोरं पान आता भरलंय, बॅच नंबरसकट. अर्ज काल परत टाकला. फी तिच्या आठवड्याच्या बिस्किटांपेक्षा कमी आहे, हे आधी कळलं असतं तर दिवाळीतच भरली असती.

कलमकसाई, परिपत्रक लावलं. तुमचं शेवटचं वाक्य मी मुद्दाम मोठ्या अक्षरात त्याखाली लिहिलं, कारण आमच्या सेक्रेटरींकडे दोन पर्शियन मांजरं आहेत. नोटीस अजून तिथेच आहे, पण काल संध्याकाळी जाळीची पेटी घेऊन ते गाडीत बसताना दिसले.

अठ्ठाविसाव्या दिवशीची खेप राहिलीय. त्या दिवशी मुलाची शाळा आहे, त्याच्या आईला रजा नाही. मी नेणार आहे.