मदत हवी आहे : बाबा बीपीची गोळी मध्येच बंद करतात

बरं वाटायला लागलं की बाबा डॉक्टरांना न विचारता गोळी बंद करतात. "मला काही होत नाहीये, मग औषध कशाला?" हे ठरलेलं उत्तर. बीपी वाढलं तरी बहुतेकदा काहीच जाणवत नाही, खरी अडचण तीच. लकव्याची भीती घातली की ते विषयच टाळतात, आणि पाकिटातल्या गोळ्या तशाच राहतात.

विल्यम मिलर या मानसशास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये मांडलेल्या पद्धतीत उपदेश न करता, बदलायची कारणं त्या माणसाच्याच तोंडून येऊ देतात. मला हे मनापासून पटतं. पण मुलीने वडिलांशी असं बोलायला सुरुवात कशी करायची? सकाळच्या चहाबरोबरच गोळी, अशी सवय कुणाच्या घरी टिकली का? नेमकं काय बोलल्यावर तुमच्याकडे फरक पडला, कृपया सविस्तर सांगा.