सूर्य लहानपणी भडकला होता का?

मृगशीर्ष (धागाकर्ता)

१९३६च्या अखेरीस मृग नक्षत्रात, मृगशीर्षाच्या जरा पूर्वेला, सोळाव्या प्रतीचा एक अंधूक तारा उजळू लागला (प्रत हे तेजाचं माप, आकडा जितका लहान तितका तारा तेजस्वी). वर्षभरात तो सहा प्रती चढला, म्हणजे जवळपास अडीचशे पट तेजस्वी झाला. नोव्हा, म्हणजे अचानक उजळून ओसरणारा तारा, असता तर काही महिन्यांत उतरला असता. हा एफयू ओरायनिस मात्र नव्वद वर्षं होत आली तरी जेमतेम एखादी प्रत खाली आलाय. आजही तीन-चार इंची दुर्बिणीतून दिसतो.

कारण आहे त्याच्याभोवतीची वायू-धुळीची चकती. टी टौरी जातीचा तरुण तारा एरवी चकतीतून वर्षाला सूर्याच्या वस्तुमानाचा साधारण दहा कोटींवा भाग ओढून घेतो. भडक्यात हेच प्रमाण दहा हजाराव्या भागापर्यंत जातं. शंभर वर्षं असं चाललं तर दहा गुरूंएवढा ऐवज ताऱ्याच्या पोटात गेला! तेव्हा दिसतो तो प्रकाश मुख्यतः तापलेल्या चकतीचाच असतो.

माझं ठाम मत: हा एखाद्या विक्षिप्त ताऱ्याचा अपवाद नाही, सूर्यासारख्या ताऱ्यांच्या वाढीतला नेहमीचा टप्पा आहे. आपला सूर्यही यातून गेला, बहुधा अनेकदा. तेजोमेघ हळूहळू आकसला आणि सावकाश ग्रह झाले, हे आपल्या डोक्यात बसलेलं संथ चित्र बदलायला हवं. पटतंय का?

काटेकोर

भडके उडतात, मान्य. पण 'आपला सूर्यही' हे कुठून आलं? एफयू ओरायनिस जोडतारा आहे. त्याचा साथीदार २००४मध्ये सापडला, आणि पुढे तो साथीदारच वस्तुमानानं मोठा निघाला. याच जातीचा झेड कॅनिस मेजॉरिस हाही जोडताराच. जवळच्या ताऱ्यानं चकती ढवळली आणि माल आत कोसळला, हे कारण मला पुरेसं वाटतं. सूर्य एकटा आहे. शिवाय या जातीचे खात्रीचे तारे आजवर मिळालेत काही डझन. तेवढ्यावरून सगळ्या ताऱ्यांचं बालपण ठरवायचं?

मृगशीर्ष

थोडे मिळाले, कारण बराच काळ आपण दृश्य प्रकाशात शोधत होतो. तारा सर्वाधिक वाढतो तेव्हा तो धुळीच्या कोषात असतो, बाहेरून दिसतच नाही. धुळीतून पार येणाऱ्या अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाशातली सर्वेक्षणं सुरू झाल्यावर लपलेले भडके सापडू लागले.

आणि हिशेबाचा प्रश्न उरतोच. वृषभेतल्या बालताऱ्यांचं तेज मोजलं, तेव्हा १९९०मध्ये लक्षात आलं की एकसारख्या गतीनं वाढणारा तारा जितका प्रकाशायला हवा, त्याच्या साधारण दशांशच हे प्रकाशतात. मग वस्तुमान येतं कधी? बराच काळ उपास आणि मधेच मोठी पंगत, हे उत्तर सरळ आहे.

काटेकोर

तो हिशेब आता तेवढा बिकट राहिलेला नाही. स्पिट्झर दुर्बिणीच्या मोजणीनं कोषातला काळ लांबून पाच लाख वर्षांच्या आसपास गेला. तेवढंच वस्तुमान जास्त वर्षांत जमायचं असेल तर दरवर्षीचा वाटा कमी, तेजही कमी. त्यात सुरुवातीला भरपूर आणि पुढे ओसरत जाणारी आवक धरली, की भडक्यांवाचूनही बरंचसं भागतं.

हानले ते गिरवली

दोघांनीही एक गोष्ट सोडली आहे. तरुण ताऱ्याचं तेज बदललं की तो 'जेवला' असं होत नाही. एए टौरी हा तरुण तारा दर ८.२ दिवसांनी मंद व्हायचा, कारण चकतीचा वाकलेला आतला काठ आडवा यायचा. २०११मध्ये तो दोन प्रतींनी मंदावला आणि वर्षानुवर्षं तसाच राहिला, कारण बाहेरची धूळ समोर आली. ताऱ्याच्या अंगावरचे डाग वेगळेच. वर्णपट न पाहता निव्वळ प्रकाशआलेखावरून निष्कर्ष काढू नयेत.

तरीही माझा कौल मृगशीर्ष यांच्या बाजूनं आहे, व्ही१६४७ ओरायनिसमुळे. जानेवारी २००४मध्ये अमेरिकेतल्या केंटकीच्या जे मॅकनील या हौशी निरीक्षकानं तीन इंची दुर्बिणीतून मृगातल्या एम७८ या तेजोमेघाजवळ एक नवीनच तेजोमेघ टिपला. तो उजळवणारा तारा १९६६मध्येही भडकल्याचं जुन्या छायाचित्रांतून कळलं. २००६च्या सुमारास विझला, २००८मध्ये परत पेटला. आपल्या टीआयएफआरच्या (टाटा मूलभूत संशोधन संस्था) खगोलशास्त्रज्ञांनी लडाखमधल्या हानले आणि पुण्याजवळच्या गिरवलीच्या दुर्बिणींतून त्याचा पाठपुरावा केला आहे. एकाच ताऱ्यात आपल्या हयातीत तीनदा!

दगड वाचणारी

मी अशनींचा अभ्यास करते, त्यामुळे सूर्याबद्दल बोलायचं तर साक्ष इथेच मागते. दुसऱ्या ताऱ्यांवरून अनुमान काढण्यापेक्षा सूर्याच्या चकतीतलेच कण हातात आहेत.

भडक्याच्या बाजूनं सर्वांत भक्कम गोष्ट म्हणजे स्फटिक. ताऱ्यांमधल्या धुळीतलं सिलिकेट, म्हणजे दगडाचं खनिज, जवळजवळ सगळं अस्फटिक असतं; स्फटिक व्हायला ते भाजावं लागतं. तरीही हेल-बॉप धूमकेतूच्या वर्णपटात फॉर्स्टेराइट या सिलिकेटचे स्फटिक दिसले आणि स्टारडस्ट यानानं २००६मध्ये आणलेल्या विल्ड-२ धूमकेतूच्या धुळीतही स्फटिक मिळाले. बर्फाच्या राज्यात जन्मलेल्या धूमकेतूत भट्टीतला माल आला कसा? २००८मध्ये ईएक्स ल्युपी हा तरुण तारा भडकला, तेव्हा स्पिट्झरला त्याच्या चकतीत फॉर्स्टेराइट दिसलं. २००५च्या वर्णपटात ते नव्हतं. म्हणजे धूळ भाजून स्फटिक होताना आपण प्रत्यक्ष पाहिलं.

आता विरोधातली बाजू, आणि इथे मृगशीर्ष यांच्या उत्साहाला मी आवर घालीन. कॉन्ड्राइट अशनींतले कॉन्ड्रूल, म्हणजे वितळून गोठलेले बारीक गोळे, पाहून अनेक जण लगेच म्हणतात, 'हा घ्या भडक्याचा पुरावा'. नाही. कॉन्ड्रूल काही तासांत ते दिवसभरात थंड झाले. एफयू ओरायनिसचा भडका दशकानुदशकं चालतो. शिवाय बहुतेक कॉन्ड्रूल पहिल्या घन कणांनंतर वीसेक लाख वर्षांनी बनले, तोवर कोष कधीच विरला होता. नागपूरजवळच्या काटोलला २०१२मध्ये पडलेला अशनीही कॉन्ड्राइटच, पण त्याचा या वादात उपयोग शून्य.

बघायचं असेल तर कॅल्शियम-ॲल्युमिनियमचे पांढरे कण बघा. वय ४५६.७ कोटी वर्षं, सूर्यमालेतले सर्वांत जुने. ते अगदी सुरुवातीच्या थोड्या काळातच बनले आणि थांबले. भडक्यांचा काळ तोच.

काटेकोर

पांढऱ्या कणांना उष्णता हवी, भडकाच हवा असं नाही. सुरुवातीची चकती सूर्याजवळ तशीही तापलेलीच होती. तिथे भाजलेले कण वायूच्या घुसळणीनं बाहेर ढकलले गेले, की धूमकेतूतल्या स्फटिकांचंही उत्तर मिळतं.

मृगशीर्ष

पण भडक्यात तापणारा पट्टा बघा केवढा पसरतो. व्ही८८३ ओरायनिस हा भडकलेला तारा सूर्याच्या १.३ पट वस्तुमानाचा. २०१६मध्ये आल्मा दुर्बिणीनं दाखवलं, की पाण्याच्या बर्फाची थेट वाफ होण्याची सीमा तिथे सुमारे ४० खगोलीय एककांपर्यंत (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर) सरकली आहे, म्हणजे आपल्या प्लुटोपर्यंत. एरवी ती काही एककांवर असते. घुसळणीनं कण बाहेर जातील, एवढी ऊब जाणार नाही.

दगड वाचणारी

बर्फ उडायला लागणारी ऊब वेगळी आणि सिलिकेट भाजायला लागणारी वेगळी. भडक्यातही ८०० अंशांची भट्टी ताऱ्याजवळच पेटते. ईएक्स ल्युपीचे स्फटिकही आत तयार झाले आणि काही वर्षांत तिथून दिसेनासे झाले, बहुधा बाहेरच्या दिशेनं गेले. त्यामुळे काटेकोर यांची घुसळण भडका मानला तरी लागतेच, फक्त भट्टी कशानं पेटली एवढाच तुमचा वाद उरतो. सूर्याच्या बाबतीत माझं मत आज भडक्याकडे झुकतं, पण 'अनेकदा' हा शब्द मी अजून मान्य करणार नाही. पांढऱ्या कणांवर एकाहून अधिक वेळा तापल्याच्या खुणा आहेत खऱ्या. त्या एकाच भट्टीत आत-बाहेर फिरल्यानंही पडू शकतात.