वडिलांसाठी लांब झूमचा कॅमेरा सुचवा, बजेट ३५ हजार (सोलापूर)

बाळीवेसकर:
नमस्कार मंडळी. वडील यंदा निवृत्त झाले. रोज पहाटे कंबर तलावावर फिरायला जातात, तिथे पक्षी बघायचा नाद लागलाय. थंडीत हिप्परग्याच्या तलावावर, मधूनच नान्नजच्या माळावर काळवीट बघायला. आता फोटो काढायचेत म्हणतात. मोबाइलवर काढलेला खंड्या म्हणजे नुसता निळा ठिपका दिसतो. लेन्स बदलायचा खटाटोप त्यांना नको, एकाच कॅमेऱ्यात सगळं पाहिजे. चष्मा जाड आहे, हात किंचित थरथरतो, त्यामुळे वजनही जास्त नको. बजेट ३५ हजार, त्याच्यावर एक रुपया नाही, कारण पैसे ते स्वतः घालणार आणि माझ्याकडून घ्यायला तयार नाहीत. वापरलेला चालेल. ज्यांनी स्वतः हाताळलेत त्यांनी सांगा, व्हिडिओ बघून डोकं भणभणलंय.

सातरस्ता:
निकॉन पी ९००, डोळे झाकून. ८३ पट झूम, म्हणजे २४ ते २००० मिलिमीटर (हा आकडा जितका मोठा, तितकं लांबचं जवळ दिसतं). माझ्याकडे आल्यापासून दुसरा कॅमेरा हातात धरलेला नाही. गच्चीवरून चंद्राचे खड्डे मोजता येतात. २०१५ ला आला तेव्हा त्याचे चंद्राचे व्हिडिओ सगळीकडे फिरत होते, आठवत असेल. बाजूला एक बटण आहे, पक्षी चौकटीतून निसटला की ते दाबायचं, झूम मागे येतो, पक्षी परत सापडतो, बटण सोडलं की पुन्हा जवळ. हे बटण ज्याने बनवलं त्याला नमस्कार.

डॉ_होटगीरोड:
छोट्या सेन्सरच्या (प्रकाश टिपणाऱ्या चकतीच्या) नादाला लागू नका. सोनी आरएक्स१० मार्क ४ घ्या. एक इंची सेन्सर, २४ ते ६०० मिलिमीटर, टोकालासुद्धा एफ ४ मिळतो, म्हणजे छिद्र मोठं राहतं (एफचा आकडा लहान तितका प्रकाश जास्त). सेकंदाला २४ फोटो. मी भिगवणला रोहित पक्ष्यांचा थवा उडताना टिपला, एकेक पंख मोजून घ्या. फोटोची मोठी प्रिंट दवाखान्यात लावली आहे, पेशंट विचारतात कुठून विकत आणली.

बाळीवेसकर:
डॉक्टरसाहेब, फोटो भारीच असणार, पण त्याची किंमत माझ्या बजेटच्या कितीतरी पट आहे.

डॉ_होटगीरोड:
एकदाच घेतो आपण वस्तू. थोडं थांबा, पैसे साठवा, पण घ्या तर हाच.

नान्नज_वारी:
सातरस्तांना विचारतो, २००० मिलिमीटरवर उन्हाळ्यात काढलेला एक तरी काळवीट दाखवा. मी माळावर बरीच वर्षं फिरतोय. सकाळचे नऊ वाजले की जमीन तापते, तिच्यावरची हवा हलायला लागते आणि लांबचं जनावर पाण्यात बघितल्यासारखं दिसतं. झूम ८३ पट असो की १२५ पट, मधली हवाच नाचत असली तर लेन्स काय करणार? मार्च ते मे तर विचारूच नका. बाबांना सांगा, उजाडायच्या आधी पोचायचं, साडेआठला कॅमेरा पिशवीत. सकाळची थंड हवा आणि पाठीमागून येणारं ऊन असेल तर ४० पट झूमवरही काळविटाच्या शिंगावरच्या वळ्या मोजता येतात.

सातरस्ता:
माझ्याकडे आहेत फोटो, घरी गेलो की टाकतो.

शेंगाचटणी:
काय बे, सगळे निकॉन निकॉन. कॅनन एसएक्स७० एचएस बघा की. ६५ पट, २१ ते १३६५ मिलिमीटर, वजन जेमतेम सहाशे ग्रॅम. पी ९०० नऊशे ग्रॅमचा आहे, काकांचा हात थरथरतो म्हणलंय वर, कुणी वाचतंय का? शिवाय एसएक्स७० मध्ये रॉ फाइल (संगणकावर नंतर सुधारता येणारा कच्चा फोटो) मिळते, पी ९०० मध्ये नाही. कॅननचे रंगही माणसाच्या कातडीला बरे, नातवाचे फोटोपण येतील.

सातरस्ता:
काकांना रॉ फाइल घेऊन काय करायचंय? संगणकावर बसून पापड लाटायचेत का?

शेंगाचटणी:
लाटायचे नसले तरी असू दे की ओ. पुढं पोरगा करील.

लेन्सवाला_बार्शी:
माझं मत वेगळं. जुना डीएसएलआर (लेन्स वेगळी लावायचा कॅमेरा) आणि ७०-३०० लेन्स. वापरलेल्यात ३५ च्या आत बसतं. निकॉनच्या क्रॉप बॉडीवर, म्हणजे फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, ३०० म्हणजे ४५० मिलिमीटरइतकं. आकडा कमी वाटतो, पण सेन्सर पी ९०० पेक्षा १३ पट मोठा. उडता पक्षी या झूमवाल्या कॅमेऱ्यांनी पकडायचा म्हणजे नशिबाचा खेळ. पी ९०० सात फोटो सटासट काढतो आणि मग कार्डावर लिहीत बसतो, तोवर भोवत्या पक्षी क्षितिजापलीकडे.

बाळीवेसकर:
बार्शीकर, लेन्स बदलायची नाही असं त्यांचं ठाम आहे.

लेन्सवाला_बार्शी:
बदलायची कुठे? ७०-३०० एकदा लावली की वर्षभर काढायची नाही. धूळ आत जायचा प्रश्नच नाही.

अक्कलकोटची_लेक:
धुळीचा विषय निघाला म्हणून लिहिते, कारण हे कुणी सांगत नाही. लांब झूमच्या कॅमेऱ्याची नळी आत-बाहेर होते. बाहेर येताना ती हवा ओढून घेते, हवेबरोबर आपल्याकडची माती. माझ्या कॅमेऱ्यात दुसऱ्याच वर्षी आकाशाच्या फोटोत काळे ठिपके दिसायला लागले. लेन्स निघत नाही, त्यामुळे आपण पुसूच शकत नाही. दुरुस्तीला दिला तर सगळा उघडायला लागेल म्हणाले आणि जो आकडा सांगितला त्यात अर्धा नवीन आला असता. तेव्हापासून मी माळावर फिरताना कॅमेरा झिपच्या पिशवीत ठेवते, दुचाकीच्या डिक्कीत कधीच नाही. गाडी थांबवल्यावर धूळ बसू द्यायची, मगच चालू करायचा.

वापरलेला घेणार असाल तर दुकानातच एवढं करा. झूम पूर्ण बाहेर काढा, पांढऱ्या भिंतीकडे किंवा मोकळ्या आभाळाकडे धरा, छिद्र एफ ८ वर आणा, एक फोटो काढा आणि स्क्रीनवर मोठा करून चारही कोपरे बघा. ठिपके असले तर सोडून द्या. झूम आत-बाहेर करताना कान लावा, करकर आवाज किंवा मध्येच अडकणं नको. नळीचं टोक बोटाने हलकेच हलवा, थोडी हालते ती ठीक, लडबडायला नको. बॅटरी कंपनीची आहे की नुसती डुप्लिकेट, तेही बघा. आणि बिल मागा.

निवृत्त_मास्तर:
ताईंनी सांगितलेलं शंभर टक्के बरोबर. धूळ हा सोलापुरातला मोठा शत्रू. कोकणात बुरशी, आपल्याकडे धूळ.

मी ६८ वर्षांचा आहे, हात माझाही थरथरतो. मोनोपॉड (एका पायाचा स्टँड) घ्या म्हणून मुलाने दिला होता, तो आता काठी म्हणून वापरतो आणि त्यावरच कॅमेरा टेकवतो. दोन्ही कामं होतात. कंबर तलावाच्या कट्ट्यावर बसून जांभळी पाणकोंबडी छान मिळते, घाई नसलेला पक्षी आहे.

शेंगाचटणी:
कंबर तलावात आता जलपर्णीच जास्त दिसते ओ मास्तर. पक्षी हिप्परग्याला जातात.

निवृत्त_मास्तर:
तुम्ही उशिरा जाता. सहाला या, दाखवतो.

डॉ_होटगीरोड:
खरे पक्षी बघायचे तर उजनी. पट्टकादंब एकदा डोक्यावरून गेले की हिप्परगा विसराल.

नान्नज_वारी:
डॉक्टर, उजनी भिगवणपर्यंत लांब पडते काकांना. रोजचा पक्षी रोजच्या तलावावरच कळतो. आणि एक विनंती, धागा वाचणाऱ्या सगळ्यांनाच. नान्नजला मोठा झूम घेऊन येणारे बरेच जण माळढोक माळढोक करत गवतात घुसतात. माळढोक आता दिसणं फार दुर्मीळ झालंय. तिथे धाविक आहे, चंडोल आहे, नशीब असलं तर लांडगा आहे. टिटवी जमिनीवर अंडी घालते, पाय कुठे पडतोय ते बघा. आपण लांब झूम घेतो तो लांब राहायला मिळावं म्हणून. वनखात्याचे लोक सांगतील त्या वाटेवरूनच चला.

सातरस्ता:
हे मात्र पटलं. पण लांब राहायचं तर ८३ पटच लागणार ना मग.

नान्नज_वारी:
परत तेच. हवा नाचते हो.

गड्डाफॅन:
मला वाटतं निकॉन पी १००० घ्यावा. १२५ पट, ३००० मिलिमीटर. मी घेतलाय. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या वेळी गच्चीवरून नंदीध्वजाच्या टोकाचा फोटो काढला, घरच्यांनी तोंडात बोट घातलं.

शेंगाचटणी:
दीड किलोला जरा कमी भरतो तो. आणि बजेट? काकांना त्याच्याखाली वाकवायचंय का?

गड्डाफॅन:
मानेत पट्टा घातला की जाणवत नाही. शोभेच्या दारूकामाचे मात्र नीट नाही आले, अंधारात सगळं चिखल होतं.

लेन्सवाला_बार्शी:
होणारच. १/२.३ इंची सेन्सर म्हणजे नखाएवढा. त्यात पूर्ण झूमला पी १००० वर एफ ८. प्रकाश कमी, मग आयएसओ (सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता) वाढवावा लागतो, आणि ८०० च्या वर पिसांचं पोतेरं. पी ९००, पी ९५०, एसएक्स७०, सगळ्यांचा सेन्सर तेवढाच. म्हणून बाबांना एक सांगा, डिजिटल झूम मेन्यूत जाऊन बंदच करून टाका. तो फोटो नुसता ताणतो. बोट दाबून ठेवलं की पट्टी पुढे सरकते आणि माणसाला वाटतं जवळ आलं.

अक्कलकोटची_लेक:
शटर सेकंदाच्या १/५०० पेक्षा हळू नको, निदान पूर्ण झूमला. स्टॅबिलायझेशन हात सावरतं, पक्ष्याची मान नाही सावरत.

पुण्यातला_सोलापूरकर:
पॅनासॉनिक एफझेड३०० कुणीच कसा सुचवला नाही? झूम २४ पटच, ६०० मिलिमीटर, पण सगळीकडे एफ २.८ राहतो. आणि धुळीपासून, तुषारांपासून बांधलेला आहे. आपल्या माळासाठीच केलाय असं समजा. वापरलेला मिळाला तर ३५ मध्ये बसू शकेल. ईव्हीएफ (डोळा लावून बघायची छोटी खिडकी) मस्त आहे.

निवृत्त_मास्तर:
ईव्हीएफ हवाच. उन्हात स्क्रीनवर काही दिसत नाही, डोळ्याला लावूनच बघायला हवं. बिनईव्हीएफचा घेऊ नका.

शेंगाचटणी:
बरोबर. ईव्हीएफ नसलेला घेऊच नका. एसएक्स७० ला आहे.

सातरस्ता:
पी ९०० ला आहे. बिनईव्हीएफचा म्हणजे खेळणं.

लेन्सवाला_बार्शी:
या एका बाबतीत सगळ्यांशी सहमत.

अश्विनी_जुळेसोलापूर:
मला उलट अनुभव आहे. सासऱ्यांना जाड चष्मा आहे, ते ईव्हीएफला डोळा लावतात तेव्हा चष्म्याची काच मध्ये येते, चौकटीचे कोपरे दिसत नाहीत. चष्मा काढला तर पक्षी कुठल्या फांदीवर होता ते हुडकण्यात वेळ जातो, तोवर तो उडून गेलेला असतो. बाबांच्या हातात देऊन बघा, मग ठरवा.

बाळीवेसकर:
थँक्यू ताई. रविवारी नवी पेठेत घेऊन जातो त्यांना.

सातरस्ता:
काय झालं? घेतला का पी ९००?

बाळीवेसकर:
मंडळी, सांगतो. वापरलेल्या कॅमेऱ्यांचं एक दुकान कळलं होतं, तिथे दोन तास होतो. पी ९०० बाबांनी हातात घेतला, झूम बाहेर काढला, समोरच्या इमारतीवरचं कबूतर स्क्रीनभर आलं, खूश झाले. पण पूर्ण झूमला चौकट इतकी हलायची की कबूतर आत-बाहेर पळत होतं. वजनही त्यांना नको वाटलं. एसएक्स७० नवाच होता, बजेटच्या वर. एफझेड३०० दुकानात नव्हता.

शेवटी निकॉन बी ५०० घेतला. हो, ईव्हीएफ नाही, तुम्ही सगळे ओरडणार. ४० पट, ९०० मिलिमीटरपर्यंत. अश्विनीताई म्हणाल्या तसंच झालं, ईव्हीएफमध्ये बाबांना चष्म्यामुळे अर्धंच दिसत होतं. याची स्क्रीन वर उचलता येते. हातांची कोपरं पोटाशी टेकवून, खाली बघत काढतात, त्यात हातही कमी हलतो. अक्कलकोटच्या ताईंची सगळी तपासणी केली. दुकानदार आधी वैतागला, मग त्यानेच पांढरा पुठ्ठा आणून धरला. छिद्र हाताने बदलायची सोय यात नाही, म्हणून उजेडात पुठ्ठ्याचे बरेच फोटो काढून मोठे करून बघितले. ठिपका एकही नाही. बिल आहे. बजेटमधले निम्म्याहून जास्त पैसे उरले, त्यातून बाबांनी दुर्बीण घ्यायची ठरवलीय.

मुख्य कारण मात्र वेगळंच निघालं. यात चार पेन्सिल सेल बसतात. बाबा म्हणाले, चार्जर विसरलो तरी नान्नजच्या टपरीवर सेल मिळतो. त्यावर माझ्याकडे बोलायला काही नव्हतं.

सातरस्ता:
४० पट! सहा महिन्यांत परत याल इथे.

लेन्सवाला_बार्शी:
उन्हात स्क्रीन दिसणार नाही. सांगून ठेवतो.

नान्नज_वारी:
सकाळी साडेआठच्या आत दिसते. चांगला घेतला. काकांना माळावर पाठवा, मी असतो.

अक्कलकोटची_लेक:
साधे सेल घालू नका, झूम आत-बाहेर केला की भराभर उतरतात. चार्ज होणारे निकेल मेटल हायड्राइडचे दोन संच घ्या, एक कॅमेऱ्यात, एक खिशात. आणि सेटअप मेन्यूत सेलचा प्रकार निवडायचा पर्याय आहे, तो बदला, नाहीतर बॅटरी किती उरली ते चुकीचं दाखवेल.

बाळीवेसकर:
हे माहीत नव्हतं, आत्ताच बदललं. संच उद्या आणतो.

गड्डाफॅन:
दुर्बीण कुठली घेताय? ८ बाय ४२ घ्या, म्हणजे ८ पटाची, १० पट घेऊ नका, हात थरथरतो ना.

शेंगाचटणी:
१० बाय ४२ च घ्या. माझ्याकडे आहे.