मदत हवी आहे: यूट्यूब चॅनेलसाठी मीडिया लायबिलिटी विमा, जुनी नोटीस आणि करारातील भरपाईचे कलम

नमस्कार.

आम्ही दोघी मैत्रिणी नाशिक जिल्ह्यातून भागीदारीत एक मराठी यूट्यूब चॅनेल चालवतो. द्राक्ष आणि कांदा उत्पादकांसाठी बाजारातील संजीवके, विद्राव्य खते आणि ठिबकचे साहित्य यांची माहिती देणे, डब्यावर काय लिहिले आहे आणि प्लॉटवर प्रत्यक्षात काय दिसले हे शेजारी शेजारी ठेवून दाखवणे, हा आमचा मुख्य विषय आहे.

एका जाहिरात एजन्सीने आम्हाला काही व्हिडिओंचा करार पाठवला आहे. व्हिडिओंच्या मजकुरामुळे त्यांच्यावर किंवा त्यांच्या ग्राहक कंपनीवर "कोणत्याही स्वरूपाचा" दावा आला, तर वकिलाच्या फीसह संपूर्ण खर्च आम्ही भरून द्यावा, अशी त्यात अट आहे. शिवाय सही करण्यापूर्वी एक कोटी रुपयांच्या मर्यादेची मीडिया लायबिलिटी पॉलिसी (म्हणजे प्रसिद्ध केलेल्या मजकुरावरून येणाऱ्या दाव्यांचा विमा) दाखवायची आहे. ब्रोकरने दोन कोटेशन दिली असून ती वाचताना काही गोष्टींचा उलगडा होत नाही.

प्रपोजल फॉर्ममध्ये, म्हणजे विम्याच्या अर्जात, एक प्रश्न आहे: ज्यातून पुढे दावा उद्भवू शकेल, अशी कोणतीही घटना आपल्याला माहीत आहे का? गेल्या हंगामात एका संजीवकाच्या व्हिडिओवरून उत्पादक कंपनीच्या वकिलाची नोटीस आम्हाला आली होती. आमच्या वकिलांनी तिला उत्तर दिले, त्यानंतर समोरून काहीही आलेले नाही आणि व्हिडिओ अजून चॅनेलवर आहे. "उत्तर गेले, विषय संपला, 'नाही' लिहा," असे ब्रोकरच्या कार्यालयातून फोनवर सांगितले गेले, परंतु हे आमच्या मनाला पटत नाही.

दुसरा प्रश्न तारखेचा आहे. एका कोटेशनमध्ये 'रेट्रोअ‍ॅक्टिव्ह डेट' (ज्या तारखेनंतरचा मजकूरच विम्यात धरला जातो ती) पॉलिसी सुरू होण्याच्या दिवसाचीच आहे, तर दुसऱ्यात ती चॅनेलच्या पहिल्या व्हिडिओपर्यंत मागे जाते, पण हप्ता बराच अधिक आहे. तसेच भागीदारी संस्थेच्या नावावर आमची एक कमर्शियल जनरल लायबिलिटी पॉलिसी (व्यवसायातून इतरांना होणाऱ्या हानीचा सर्वसाधारण विमा) आहे आणि तिच्यात जाहिरातीतून होणाऱ्या हानीचा विभागही आहे. तेवढ्यावर भागेल का?

आमची काळजी निराधार नाही. 'पॅराशूट' खोबरेल तेलावर टीका करणाऱ्या एका यूट्यूबरचा व्हिडिओ काढून टाकण्याचा अंतरिम आदेश मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी 2020 मध्ये दिला होता. पुढे खंडपीठाने काही बदल करून तो पुन्हा प्रसिद्ध करण्याची मुभा दिली. पण निकाल कोणताही लागो, तोपर्यंतचा वकिलांचा खर्च आमच्यासारख्यांनी कोठून उभा करायचा? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

नमस्कार. दायित्व विम्याच्या पॉलिसी तपासणे हेच माझे काम असल्याने थोडे सविस्तर लिहितो.

प्रपोजल फॉर्ममधील त्या प्रश्नाचे उत्तर 'होय' असेच लिहा आणि नोटीस व उत्तर या दोन्हींच्या प्रती फॉर्मला जोडा. विम्याचा करार परम सद्भावनेवर उभा असतो. माहीत असलेली महत्त्वाची गोष्ट दडवल्याचे पुढे निष्पन्न झाले, तर विमा कंपनी पॉलिसीच रद्दबातल ठरवू पाहते आणि मग त्या नोटिशीशी संबंध नसलेला दावाही अडकतो. खरे सांगितल्यास बहुधा त्या एका व्हिडिओचा विषय वगळला जाईल किंवा हप्ता थोडा वाढेल, बाकी संरक्षण शाबूत राहील. शिवाय विषय संपला असे कायद्यानेही म्हणता येत नाही. लेखी अब्रुनुकसानीच्या भरपाईसाठी मुदत प्रसिद्धीपासून एक वर्षाची असली, तरी कॉपीराइटभंगासाठी ती तीन वर्षांची आहे, आणि व्हिडिओ चॅनेलवर आहे तोवर मनाईहुकूम मागण्याची वाट समोरच्याला मोकळी असते. ब्रोकरचा फोनवरचा सल्ला ईमेलवर लेखी मागा. तसा सल्ला लेखी देण्यास सहसा कोणी तयार होत नाही.

जुन्या पॉलिसीवर विसंबू नका. जनरल लायबिलिटीच्या प्रचलित मसुद्यात जाहिरात, प्रक्षेपण किंवा प्रकाशन हाच ज्यांचा व्यवसाय आहे, त्यांना नेमक्या त्या विभागातून वगळलेले असते. आपला व्यवसाय तोच आहे.

मीडिया लायबिलिटी सहसा 'क्लेम्स मेड' तत्त्वावर असते, म्हणजे दावा पॉलिसीच्या मुदतीत यावा लागतो आणि ज्या मजकुरावरून तो आला, तो रेट्रोअ‍ॅक्टिव्ह तारखेनंतर प्रसिद्ध झालेला असावा लागतो. पहिले कोटेशन घेतले, तर आज चॅनेलवर असलेला एकही व्हिडिओ संरक्षणात येणार नाही. जुने व्हिडिओ रोज पाहिले जात असताना असा विमा घेणे मला व्यर्थ वाटते. दुसरेच घ्या, नूतनीकरणात एका दिवसाचाही खंड पडू देऊ नका आणि पुढे कंपनी बदलली तरी जुनी तारीख कायम ठेवून घ्या. वस्तूची बदनामी हा विषय पॉलिसीत स्पष्ट शब्दांत आहे ना, हेही पाहा. आपण उल्लेख केलेल्या खटल्यातील वाद मालाच्या नालस्तीचा होता, आणि आपल्या चॅनेलला धोका आहे तो याच बाजूने. वकिलांचा खर्च एक कोटीच्या आतून जातो की त्याव्यतिरिक्त मिळतो, हे लेखी विचारा. आतून जात असेल, तर खटला लांबेल तशी भरपाईसाठी उरणारी रक्कम घटत जाते.

मला सर्वांत अधिक खटकले ते करारातील कलम. कायद्याने आपल्यावर जेवढी जबाबदारी येते, त्याहून अधिक जबाबदारी केवळ करारामुळे स्वीकारली असेल, तर ती बहुतेक पॉलिसींमधून वगळलेली असते. म्हणजे एक कोटीची पॉलिसी हातात असूनही "कोणत्याही स्वरूपाचा" या दोन शब्दांचा भार आपल्या खिशावरच पडेल. आमच्या चुकीमुळे आणि न्यायालयाने ठरवलेल्या रकमेपुरती, अशी मर्यादा त्यात घालून घ्या. उत्पादनाविषयीचे दावे कंपनीने पुरवलेले असतील, तर त्यांची जबाबदारी कंपनीने घ्यावी, असे उलट कलमही मागा.

काही गोष्टी या विम्यात येतच नाहीत. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत उत्पादनाची भलामण करणाऱ्यालाही पहिल्या वेळी 10 लाखांपर्यंत आणि पुन्हा घडल्यास 50 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. असा दंड विमा कंपनी भरत नाही. मात्र दाव्याची वाजवी शहानिशा केल्याचे दाखवता आले, तर त्या कायद्यातच बचाव आहे, म्हणून प्लॉटवरच्या नोंदी आणि फोटो तारखेनिशी जपून ठेवा. कोणी आपला व्हिडिओ पाहून फवारणी केली आणि बाग करपली, तर तो मालमत्तेच्या नुकसानीचा दावा होतो आणि बहुधा वगळला जातो. कॉपीराइट स्ट्राइकमुळे (कॉपीराइटभंगाच्या तक्रारीवरून यूट्यूबने केलेल्या कारवाईमुळे) चॅनेल बंद पडून बुडालेले उत्पन्नही मिळत नाही, कारण हा विमा इतरांनी आपल्यावर केलेल्या दाव्यांचा आहे.

धागाकर्ती

सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभार. फॉर्ममध्ये 'होय' लिहून प्रती जोडत आहोत आणि कलमातील बदल आजच एजन्सीला कळवतो. आणखी एक शंका आहे. आमचे संकलन एक तरुण बाहेरून, कामागणिक मोबदल्यावर करतो, आणि पार्श्वसंगीत व चित्रेही तोच निवडतो. त्याने परवान्याशिवाय संगीत वापरले आणि दावा आमच्यावर आला, तर विमा लागू होईल का?

प्रतिसाद

आपल्या संस्थेवर आलेला दावा साधारणपणे ग्राह्य धरला जातो, परंतु त्या तरुणालाही प्रतिवादी केले, तर त्याला संरक्षण मिळेलच असे नाही. पॉलिसीतील 'विमाधारक' या शब्दाची व्याख्या पाहा. तिच्यात बाहेरून काम करणारे येत नसतील, तर एंडोर्समेंटद्वारे, म्हणजे पॉलिसीला जोडलेल्या लेखी दुरुस्तीद्वारे, त्यांचा समावेश करून घ्या. संगीत आणि चित्रांचे परवाने मात्र त्याच्याकडून प्रत्येक व्हिडिओसोबतच मागून घ्या, कारण दावा आल्यावर विमा कंपनी पहिल्यांदा तेच कागद मागते.