मुंबई–न्यूयॉर्क: अंतर एक, वेळ दोन

भाऊ, तुम्ही मुंबई–न्यूयॉर्कच्या १२,५०० किलोमीटरला विमानाच्या ताशी ९०० किलोमीटर वेगाने भागून चौदा तास काढले आणि विचारलं, की न्यूयॉर्कला जाताना सोळा तास कसे? गणित बरोबर आहे, वारा तेवढा धरायचा राहिला. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. जाताना तो समोरून येतो, येताना मागून ढकलतो. सीटसमोरच्या पडद्यावर जमिनीवरचा वेग दिसतो तो बघत राहा. जाताना ८०० च्या आसपास, येताना कधी हजाराच्या वर. हिवाळ्यात हा फरक जास्त.

नकाशावर वाट वाकडी दिसते म्हणून घाबरू नका. शाळेतल्या पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून बघा, तो उत्तरेकडूनच जातो. रशियावरून उडता येत नसेल त्या कंपनीचा फेरा मात्र खरंच वाढतो. अमेरिकन कंपन्यांना २०२२ पासून ती वाट बंद आहे.

तिकिटावरच्या वेळा नुसत्या वजा करून थांबू नका बाप्पा, तिथलं घड्याळ आपल्या मागे असतं! रात्री दीडला निघून सकाळी सातला पोचणार असं लिहिलेलं असेल, तर वजाबाकीच्या साडेपाच तासांत हिवाळ्यात साडेदहा तास मिळवा, उन्हाळ्यात साडेनऊ.

आणि यवतमाळहून नागपूर एसटीने चारेक तास धरा, मग मुंबईचं विमान. पावसाळ्यात आदल्या दिवशीच मुंबई गाठलेली बरी. दोन्ही विमानं एकाच तिकिटावर असतील तर पहिल्याला उशीर होऊन दुसरं चुकल्यावर पुढची सोय कंपनी करते, वेगवेगळी काढली तर तुमचं तुम्ही निस्तरा.