जोशी परिवार (फक्त घरचे): शिरीषचा फोन

*संध्या. 7:02*
सुमनकाकू: शिरीषचा फोन कोणाला लागलाय का? तिकडे ऑस्ट्रेलियात आता रात्रीचे अकरा वाजून गेले. सकाळी आपल्या साडेआठला तो ग्लेनडॅम्बो गावाच्या पाटीचा फोटो आला, त्यानंतर एकच टिक.

अण्णाकाका: काळजी नको सुमन. फक्त एक शंका. ग्लेनडॅम्बो ते कूबर पेडी सुमारे 250 किमी. मध्ये एकही पेट्रोल पंप नाही. टाकी फुल केली होती का?

पल्लवी: पाटी नीट वाचली का कोणी? मेंढ्या 22,500, माशा अंदाजे 20 लाख, माणसं 30 😂

बाळूदादा: आमच्या सोसायटीला पण अशी पाटी पाहिजे. माणसं 30, सल्लागार 29.

सुमनकाकू: इथे माझा जीव टांगणीला लागलाय आणि तुम्हाला माशा सुचतायत.

बाळूदादा: सॉरी काकू 🙏

ज्योतीवहिनी: मजेत असतील हो काकू. ओवीच्या बारशाला रजा नव्हती, रानात तंबू ठोकायला बरोब्बर पंधरा दिवस मिळाले. चांगलंय.

पल्लवी: वहिनी, तिकडे जुलैत शाळेला सुट्टी असते. उन्हाळ्यात पारा 40 च्या वर. मग जाणार कधी?

ज्योतीवहिनी: मी कुठे काय म्हटलं? चांगलंय म्हटलं.

अण्णाकाका: ग्लेनडॅम्बो ते कूबर पेडी सुमारे 250 किमी. मध्ये एकही पेट्रोल पंप नाही. टाकी फुल केली होती का?

बाळूदादा: अण्णा, वरंधा घाटात कोणाची टाकी रिकामी झाली होती?

अण्णाकाका: तो काटा खोटा दाखवत होता. हे शंभरदा सांगून झालंय.

सुमनकाकू: कांगारू आडवा आला असेल तर? अंधारात गाडी चालवत नाहीत असं तोच म्हणाला होता.

पल्लवी: म्हणूनच ना काकू. तिकडच्या साडेबाराला निघाले, तीन तासांचा रस्ता. उजेडातच पोचले असणार.

बाळूदादा: रोड ट्रेनला ओव्हरटेक करायला गेला नाही म्हणजे मिळवली. एका ट्रकला तीन-तीन ट्रेलर, 53 मीटर लांब.

पल्लवी: दादा!!

बाळूदादा: माहिती दिली.

सुमनकाकू: संत्री घ्यायला लावली होती मी, ती साऊथ ऑस्ट्रेलियात शिरताना टाकून द्यावी लागली. फळमाशी म्हणे. पोरांच्या पोटात काय असेल देव जाणे.

रमेशकाका: झोपा सगळे.

सुमनकाकू: हॉलमध्ये बसून ग्रुपवर कशाला लिहिताय?

*रात्री 10:40*
शालूआत्या: शुभ रात्री 🌹
शालूआत्या: शिरीषला काय झालं??? मला कोणी काही सांगत नाही.

*पहाटे 4:12*
शिरीष: आई, सगळे ठीक आहोत. रात्री तंबू जमिनीखाली लावला होता, खरंच. 1915 मध्ये इथे कूबर पेडीला ओपल हे रत्न सापडलं, आणि उन्हाला कंटाळून माणसं टेकड्या पोखरून आत राहायला लागली. आत ना वारा, ना थंडी. खोदकामाच्या यंत्राचे ओरखडे भिंतीवर अजून दिसतात, पोरं त्यावरून बोटं फिरवत झोपली. आमच्या सिमकार्डाला वाटेत कुठेच रेंज नव्हती, हे कॅम्पच्या ऑफिसच्या वायफायवरून लिहितोय. कूबर पेडी म्हणजे म्हणे 'गोऱ्या माणसाचं बीळ'.

सुमनकाकू: पोरांनी स्वेटर घातले होते का

सुमनकाकू: जेवलात काय

शिरीष: तू जागी आहेस??

सुमनकाकू: पाणी प्यायला उठले होते.

शिरीष: गॅसवर मऊ भात केला, मेतकूट घालून. आता उलुरूच्या त्या प्रचंड खडकाकडे निघतोय, 700 किमीच्या वर आहे. वाटेत फोन लागणार नाही. उद्या रात्रीपर्यंत वाट बघू नकोस.

अण्णाकाका: टाकी?

शिरीष: फुल आहे काका. वर 20 लिटरचा कॅन.

अण्णाकाका: 👍 वाटेत मार्लाला परत भर.

*सकाळी 6:20*
ज्योतीवहिनी: त्या उलुरूवर पोरांना चढवू नका म्हणावं.

पल्लवी: चढणं 2019 पासून बंदच आहे वहिनी. तिथल्या मूळ रहिवासी अनंगू लोकांची पवित्र जागा आहे ती.

ज्योतीवहिनी: मी कुठे काय म्हटलं?

ज्योतीवहिनी: शिरीषभावजी, मेतकूट मी पाठवलेलंच ना? विचारलं आपलं.

पल्लवी: निघाले ते वहिनी. एकच टिक.